खांदा कापून घ्यावा की नाही

कोल्हापूर, शनिवार पेठ
भाद्रपद वद्य पंचमी, सन १९१६

रा. रा. कुतुबुद्दीनभाई नालबंद, मुक्काम मलकापूर, यांस शनिवारातला किराणावाला तवनाप्पा याचा जयजिनेंद्र आणि तुमच्या रीतीने सलाम. सलाम उजव्या हाताने केला आहे. कोपर गल्ल्याच्या पेटीवर टेकवून केला आहे, तरी मानून घ्यावा. आमच्याकडे सर्व क्षेम. खतिजावहिनींचा खोकला पावसाने वाढला असेल म्हणून गाडीवानाबरोबर ज्येष्ठमध पाठवला आहे. तो चघळायचा असतो, गेल्या खेपेसारखा कढीत घालू नये. अक्षर वाईट दिसेल, पण ते शाळेमुळे आहे, खांद्यामुळे नाही. गगनबावड्याकडून आलेले गाडीवान सांगतात की तिकडे बैलांच्या खुरांत शेवाळ धरले आहे. गाडीवानाचे बोलणे अर्धे सोडून द्यावे. पण अर्ध्या खुरांत जरी धरले असले तरी उघाड पडल्यावर तुमच्या दारात बैलांची रांग लागणार, आणि तुमचा तर हात वर जात नाही. तेव्हा तुमच्या पत्राकडे वळतो.

तुम्ही लिहिता की उजव्या हातातला हातोडा नाकाच्या वर जात नाही, कूस बदलली की कळ निघते, आणि हात उचलताना आतून वाळूवरून चाक गेल्यासारखा आवाज येतो. आंबा घाट सुकला, गाड्या सुटल्या, आणि त्या वेळी नालबंदाला हातोडा पेलला नाही तर लोक बांबवड्याला जातील, आणि एकदा गेलेला बैल परत येत नाही. खरे आहे. (बैल येईल, मालक येत नाही.) मग तुम्ही विचारता की तवनाप्पा, तुम्ही तर कापून घेतलात, मी घेऊ की नको, एका शब्दात कळवा. एका शब्दात कळवले असते. पण आमच्या धंद्यात पारडे बरोबरीला आले की वर चिमूटभर घालायची रीत आहे. शाळाही मी तिसरीत सोडली ती त्याचमुळे, मास्तर एका वाक्यात उत्तर मागत. म्हणून सगळे सांगतो, तोलून तुम्ही घ्या.

हे दुखणे होते कसे, हे आधी ऐका. पेठेत सगळे सांगतात की तवनाप्पाचा खांदा बडीशेपेने गेला. हे खोटे आहे, पण दुकानात असलेल्यांनी डोळ्यांनी पाहिले, त्यामुळे मला काही बोलता येत नाही. तानाबाई नातवाच्या पोटासाठी चिमूटभर बडीशेप मागायला आली होती. बरणी वरच्या फळीवर. मी हात वर केला, आणि नवे मांजरपाट फाडल्यासारखा टर्र आवाज झाला. मी आधी माझी बंडी तपासली. ती शाबूत होती. मग माझी नजर सहज तानाबाईच्या लुगड्याकडे गेली, आवाज कुठून आला एवढेच पाहायला, आणि ती "म्हातारपणी बी डोळं ठिकाणावर न्हाईत तुमचं" असे म्हणून बडीशेप न घेता निघून गेली. एवढे झाल्यावर खांदा दुखायला लागला आणि बरणी हळदीच्या पोत्यात पडली. ज्या माणसाने तरुणपणी गुळाचे रवे, अख्ख्या ढेपा, चेंडूसारखे झेलले, त्याचा खांदा एका चिमटीने जावा, याची मला आजही लाज वाटते.

आमच्या बोळातल्या तालमीचे पिराजी वस्ताद लगेच आले. त्यांना कुणी बोलावले नव्हते, पण खांदा दुखतो म्हटल्यावर त्यांना बोलवावे लागत नाही. त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "आण्णा, खांदा उतारलाय. तेल लावून एक हिसका दिला की उद्या रवा उचलशीला." मी म्हणालो, उतरलेला वाटत नाही. ते म्हणाले, "तुमी किराणा बघा की वो, खांदं मी बघतो." मग त्यांचे दोन पठ्ठे माझ्या पायांवर बसले आणि वस्तादांनी हिसका दिला. पुन्हा टर्र. वस्ताद म्हणाले, बसला. बसलो मी. त्या दिवसापासून हात आपल्या आपण वर जाईना. गंमत अशी की डाव्या हाताने धरून उचलला तर उजवा थेट आढ्यापर्यंत जाई, आणि सोडला की बादली विहिरीत पडावी तसा खाली. (ही खूण तुम्ही घरी करून बघा. खतिजावहिनींना हात वर धरायला आणि सोडायला सांगा. मात्र चुलीजवळ करू नका.)

वस्तादांचे तेल संपेपर्यंत मी वाट पाहिली, मग इथल्याच नव्या दवाखान्यात डॉक्टर तासकरांकडे गेलो. माणूस तरुण आहे, मुंबईला शिकून आला आहे. त्यांनीही हात वर धरला आणि सोडला, तो त्यांच्या दौतीत पडला. शाई त्यांच्या पांढऱ्या कोटावर उडाली, पण ते रागावले नाहीत. उलट मुलाने बरोबर उत्तर दिल्यावर मास्तर हसतात तसे हसले. म्हणाले, खांदा उतरलेला नाही, दोर तुटला आहे. खांद्याच्या खुंटीला म्हणे चार दोर असतात, ते तिला खोबणीत ताणून धरतात. त्यांतला वरचा दोर हाडाच्या छपराखालून जातो. हात उंच केला की तो त्या छपराला घासतो. शिवाय त्या जागी रक्त मुळातच कमी पोचते, पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही तसे, त्यामुळे झिजलेले लवकर भरून येत नाही. वय झाले की एकेक धागा सुटत जातो. त्यांनी धंदा विचारला. किराणा, म्हणालो. तागडी हातात धरता? म्हटले, धरतो, जन्मभर उजव्याच हाताने, गिऱ्हाइकाला काटा दिसावा म्हणून खांद्याएवढी उंच. डॉक्टर म्हणाले, मग तुमची बडीशेप निर्दोष आहे.

कुतुबुद्दीनभाई, मला हे पटकन समजले, कारण तागडीची दोरी अशीच तुटते. दांडीच्या भोकात ती रोज घासते, वरून शाबूत दिसते, धान्याचे पोते तोलून जाते आणि एक दिवस दोन लवंगा ठेवल्या की तुटते. मग गिऱ्हाईक म्हणते लवंगा जड आहेत. तुमचा हातोडाही तसाच. तुम्ही म्हणता गेल्या महिन्यात मस्तवाल खोंडाने झटका दिला तेव्हापासून दुखते. खोंडाला बोल लावू नका. त्याने शेवटचा धागा तोडला असेल, बाकीचे तुम्हीच आयुष्यभर ठोकठोक करून तोडलेत. डॉक्टर असेही म्हणाले की कित्येक म्हातारे तुटलेला दोर घेऊन हिंडतात आणि त्यांना पत्ताही नसतो, दुखत नाही काही नाही. हे ऐकल्यापासून मी बाजारात कुठलाही म्हातारा दिसला की त्याच्या खांद्याकडे बघतो. दोघातिघांना मी सावधही केले. त्यांतले एक आता माझ्या दुकानात येत नाहीत.

दोर थोडा फाटला असेल तर कापावे लागत नाही, विश्रांती आणि बेताच्या हालचालीने बाकीचे दोर भार घेतात, असे ते म्हणाले. मला हायसे वाटले. मग म्हणाले, तुमचा मात्र पुरता सुटला आहे, आणि जितका उशीर कराल तितका तो आत आखडत जाईल आणि ओढून आणता येणार नाही. मी विचारले, माझा थोडाच सुटला आहे असे धरून चालले तर? ते म्हणाले, धरायलाच तर दोर राहिलेला नाही.

मग शिवायच्या दोऱ्याचा घोळ झाला. डॉक्टर सहज बोलून गेले की सुटलेले टोक हाडाला रेशमाने शिवतो. मी विचारले, रेशीम म्हणजे किड्यांचे? म्हणाले, ते नको असेल तर तात आहे. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची. आता बघा, मी कंदमूळ खात नाही, सूर्य मावळल्यावर जेवत नाही, पाणी गाळून पितो, आणि माझ्या अंगात कायमचे काय शिवायचे, तर एका बाजूला कढईभर किडे आणि दुसऱ्या बाजूला एक मेंढी. जन्म तोलण्यात गेला पण हे पारडे मला तोलवेना. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, उपाध्यांना विचारले. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सांगितले की हिंसेचा लहानमोठेपणा शास्त्रात आहे, पण खांद्याच्या संदर्भात नाही. मी दुकानातली सुतळी स्वच्छ धुऊन दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ती निरखून पाहिली आणि कंपाउंडरकडे औषधाच्या पुड्या बांधायला दिली. शेवटी त्यांच्याच पेटीच्या तळाशी जवसाच्या झाडाच्या सालीचा विलायती दोरा निघाला. त्याने शिवले. तेव्हापासून आमची कारभारीण पद्मावती मला जवसाची चटणी वाढत नाही. आत आहे तेवढे पुरे, म्हणते.

शस्त्रक्रियेचे मला फारसे आठवत नाही, पण जे आठवते ते विसरता येत नाही. नाकावर फडक्याची टोपी ठेवली, तिच्यावर क्लोरोफॉर्म थेंबथेंब टाकला. कुजक्या केळ्यासारखा गोड वास. डॉक्टर म्हणाले, आकडे मोजा. तुम्ही जाणता, आम्ही माप घालताना पहिल्याला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मी सवयीने "लाभ" म्हणालो. डॉक्टर मुंबईचे. त्यांना वाटले गुंगी चढली, म्हातारा बरळतो आहे, आणि त्यांनी सुरी उचलली. तेवढ्यात मी "दोन" म्हणालो. कंपाउंडर सांगतो की डॉक्टर इतके दचकले की पुढे मी गाढ झोपल्यावरही त्यांनी बराच वेळ मला नावाने हाका मारून पाहिल्या. (तुम्ही मोजाल तेव्हा सरळ मोजा.) आत त्यांनी हाडाच्या कडेला सुताराच्या गिरमिटाने पाडतात तशी भोके पाडली आणि दोराचे टोक ओढून तिथे बांधले. हे मला नंतर सांगितले. आधी सांगितले असते तर मी सुतळी घेऊन घरी आलो असतो.

शिवणे झाले म्हणजे बरे झाले, असे मात्र समजू नका. इथूनच खरी यातायात. डॉक्टर म्हणतात, दोरा फक्त धरून ठेवतो, जोडायचे काम शरीरालाच करावे लागते. आधी तिथे रक्त गोठते, सूज येते. मग ओल्या गिलाव्यासारखे मऊ मांस धरते, त्याला अजिबात ताकद नसते. त्यात मग शरीर नवे धागे घालते, पण कसेही, उंदराने पोत्यात घर केल्यासारखे. पुढे हळूहळू ताण बसेल तसे ते धागे ओढीच्या दिशेने सरळ होतात. याला वर्ष लागते, तरी नवा सांधा मूळच्या दोरासारखा होत नाही, ठिगळ ते ठिगळच. लवकर हलवलात तर ओला गिलावा निसटतो आणि सगळे पुन्हा सुटते. हलवलाच नाही तर खांदा पावसाळ्यातल्या गुळासारखा चिकटून बसतो. मी विचारले, मग नेमके केव्हा हलवायचे? म्हणाले, मी सांगेन तेव्हा. मी विचारले, शिंक आली तर? जांभई आली तर? झोपेत कुणाला नमस्कार केला तर? डॉक्टर म्हणाले, तवनाप्पा, तुम्ही काळजी करू नका. जे मला ओळखत नाहीत तेच मला असे सांगतात. कुतुबुद्दीनभाई, तुम्ही मला ओळखता, तुम्ही कधी सांगितले नाही.

टाक्यांवर ताण नको म्हणून हात उंचावरच ठेवायचा होता. गुंडू सुताराने कमरेला बांधायची एक लाकडी घोडी करून दिली. तिच्यावर हात आडवा, कोपर खांद्याइतका वर, तळवा पुढे. त्या अवस्थेत मी बाहेर निघालो की टांगे आपोआप थांबत. टांगेवाले शिव्या देत, मी क्षमा मागे, पण हात खाली करू शकत नसे, त्यामुळे दुसरा टांगा थांबे. परगावच्या दोन बायकांनी पायांवर डोके ठेवले. पद्मावतीला दृष्टीची भीती, शिवाय गार वाऱ्याने टाके आखडतील ही स्वतःची भर, म्हणून तिने पंजावर उपरणे पांघरून दिले. डॉक्टरांची आज्ञा अशी की खांदा स्थिर ठेवा पण बोटे आखडू देऊ नका, दिवसभर मूठ उघडमीट करत राहा. मी आज्ञेबाहेर जाणारा माणूस नाही. उपरण्याखाली माझी बोटे सतत चालू असत.

आता या स्थितीत जनावरांच्या बाजारात जाऊ नये, हे मला डॉक्टरांनी सांगायला हवे होते. त्यांनी सांगितले नाही. ते मुंबईचे, त्यांना काय माहीत की आमच्याकडे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत, हातावर फडके टाकायचे आणि आत बोटे धरून सांगायचे. घरी बसून कंटाळा आला म्हणून भाजीचे निमित्त करून मी नुसता फिरत गेलो. एका म्हशीपाशी सावली होती, तिथे उभा राहिलो. बाबालाल नावाचा हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, माझ्या शेजारी आला, आणि मला काही कळायच्या आत त्याचा हात माझ्या उपरण्याखाली. मी चळवळ केली नाही. टाक्यांना झटका बसू नये हीच माझी चिंता. त्याने दोन बोटे दाबली. माझी मूठ उघडण्याची वेळ होती, उघडली. त्याने मान हलवून तीन दाबली. माझी मिटण्याची वेळ झाली नव्हती. "आण्णा, घाई न्हाई, इच्यार करा की," तो म्हणाला. मला वाटले भला माणूस आहे, माझ्या व्यायामाला धीर देतो आहे. मी म्हणालो, थांबून चालत नाही, डॉक्टरांची आज्ञा आहे. त्याने विचारले, "त्ये डॉक्टर काय म्हणत्यात?" म्हटले, म्हणतात घट्ट मिटायची आणि सोडायची, दुखले तरी माघार घ्यायची नाही. बाबालालच्या चेहऱ्यावर आदर दिसू लागला. मग त्याने सगळी बोटे एकदम धरली, आणि त्याच वेळी माझी मिटण्याची वेळ झाली. मी मिटली. घट्ट.

"झालं! आण्णांनी हात दिला!" तो एवढ्याने ओरडला की म्हैससुद्धा वळून बघू लागली. मी समजावून सांगितले. तो म्हणाला, "व्हय व्हय, सगळीच असं म्हणत्यात. आता माघार घेतासा? तागडीचा माणूस तुमी, हात देऊन फिरवतासा?" भोवती गावातली दहा ओळखीची तोंडे. कुतुबुद्दीनभाई, माझ्याकडे दुसरे काही नाही, मी दिलेले माप कमी नसते एवढेच आहे. म्हैस घेऊन आलो. दावे डाव्या हातात, उजवा हात वर, आणि वाटेत टांगे थांबतच होते. पद्मावतीने दारातूनच विचारले की भाजी आणायला गेला होता ना. ती आता या म्हशीला डॉक्टरीण म्हणते, कारण डॉक्टरांच्या सांगण्यावरून आली. दूध चांगले देते. डॉक्टरांना मी सर्व हकीकत सांगितली. त्यांनी माझी बोटे तपासून पाहिली आणि हालचाल उत्तम आहे एवढेच म्हणाले.

घोडी सुटली, मग झोके. कमरेत वाकायचे, डाव्या हाताने गल्ल्याची पेटी धरायची आणि उजवा हात लोंबता सोडून घंटेच्या लोळ्यासारखा हलू द्यायचा. ताकद लावायची नाही, आपल्या वजनाने हलला पाहिजे. दुकानात वाकून असे करू लागलो की गिऱ्हाईक विचारी काय पडले, आणि उत्तराची वाट न बघता तेही वाकून शोधू लागे. एकदा सात माणसे शोधत होती. पिराजी वस्ताद म्हणाले, "सापडलं का आण्णा?" मी म्हणालो, काही हरवलेले नाही. ते म्हणाले, "मग आमी काय हुडकाय लागलोय?" आणि तेव्हापासून दुकानातून काही जिन्नस खरोखरच हरवू लागले.

झोक्यांनंतर भिंत. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बोटे कोळ्यासारखी वर चढवत न्यायची, जिथे थांबतील तिथे कोळशाची रेघ. दुसऱ्या दिवशी रेघ थोडी वर. आमच्या घरामागच्या परड्यातली भिंत बाळाबाईशी सामाईक आहे. ही आमची शेजारीण. तिच्या नवऱ्याच्या वेळेपासून भिंतीवरून कुरबूर आहे. तिने एक रेघ पाहिली, दुसऱ्या दिवशी वरची पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी कमरेवर हात ठेवून उभी. "काय वो आण्णा, मापं घेताय व्हय भितीची? मजला चढवाय लागलासा? माझ्या तुळशीचं ऊन घालवाय?" मी म्हणालो, बाळाबाई, मी माझा हात मोजतो आहे. ती म्हणाली, "हात मोजाय भित लागती? मग तुमच्या परड्यात न्हाई व्हय दुसरी?" आणि तिने शेणाने सगळ्या रेघा सारवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी मला कळेना काल कुठवर पोचलो होतो. मी धास्तावलो, वाटले दोर पुन्हा सुटला. डॉक्टरांकडे धावलो. असे दोनदा झाले. शेवटी डॉक्टर स्वतः आले आणि बाळाबाईला समजावले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आदी सांगाय काय धाड भरलीती?" आता ती रोज तिच्या बाजूने उभी राहते आणि मी कालच्या रेघेला पोचलो नाही तर पेठेत सांगते. डॉक्टर म्हणतात, तिच्याइतका उपयोग औषधाचा झाला नाही.

तर आजची स्थिती अशी. हात फेट्यापर्यंत जातो. फेटा बांधता येतो, मात्र शेवटचा पीळ पद्मावती देते. कूस बदलली तर झोप मोडत नाही. वरच्या फळीवरची बरणी दोन्ही हातांनी निघते. तागडी आता आढ्याला टांगली आहे, कारण डॉक्टर म्हणाले की नवे ठिगळ जुन्या खोडीला पुरणार नाही. गिऱ्हाईक म्हणते काटा नीट दिसत नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही. वेदना आहेत, घोडी आहे, म्हैस येऊ शकते. एक हंगाम जाईल हे नक्की, न कापता किती हंगाम जातील हे मला माहीत नाही. तुमचा दोर थोडा फाटला आहे की पुरता, हे डॉक्टरच सांगतील. पुरता असला तरी शिवलेला टिकेलच असे तेही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत. तेव्हा माझ्या भरवशावर खांदा कापून घेऊ नये. स्वतःच्या मनाने ठरवावे. माझ्यामुळे काही झाले असे खतिजावहिनींनी म्हणू नये. कळावे, लोभ तोललेल्यापेक्षा वर असावा.

तुमचा,
तवनाप्पा

ता. क. ठरवायचेच असेल तर पुढच्या आठवड्याच्या आत ठरवावे. विलायतेतल्या लढाईमुळे क्लोरोफॉर्म मिळेनासा झाला आहे. डॉक्टरांकडे मुंबईहून एक बाटली आली आहे, ती दोन माणसांना पुरेल. मी तुमचे नाव सांगून ठेवले आहे. नुसते नाव सांगितले म्हणजे काही बांधील होत नाही. तुमच्या अंगाच्या मापाची घोडी गुंडूने केली आहे, तीही नुसती केली आहे.

ता. क. दुसरा. बाटली दोघांना म्हटल्यावर दुसरा कोण, असे तुमच्या मनात येईल. उजवा बरा होईपर्यंत मी सगळे डाव्याने केले. तागडी, दावे, पोती, सगळे. परवा डॉक्टरांनी सहज डावा हात वर धरला आणि सोडला. ते या वेळी हसले नाहीत. तोच दोर, तीच जागा. पद्मावतीला अजून सांगितलेले नाही.

ता. क. तिसरा. कुतुब, दवाखान्यात खिडकीपाशी दोन खाटा शेजारी शेजारी आहेत. गेल्या खेपेला माझ्या शेजारी कुणी नव्हते. टोपी नाकावर आली तेव्हा बघायला कंपाउंडर होता, पण तो माझा कोण? मी भितो हे तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला माहीत नाही, ते तसेच राहू दे. तुझा दोर थोडाच फाटला असे निघाले तर कापू नकोस, नुसता शेजारी पडून राहा, मी तुला लागेल तेवढा ज्येष्ठमध देईन. मात्र ये. कारण मी घरी सांगून बसलो आहे की मला काही झालेले नाही, मलकापूरचा कुतुबुद्दीन घाबरट आहे, त्याच्या सोबतीला म्हणून मी दवाखान्यात राहणार आहे. आता तूच आला नाहीस तर मी कुणाच्या सोबतीला गेलो, असे पद्मावती विचारील.